बोअरचं जड पाणी, सॉफ्टनर आणि आरओचा मेम्ब्रेन: कामाच्या नोंदी (२०२४)

७ जानेवारी

घर छत्रपती संभाजीनगरच्या बायपासपलीकडे, नळाचं पाणी आमच्या गल्लीत अजून आलेलं नाही, सगळं बोअरवर आणि उन्हाळ्यात टँकरवर. आरओचा मेम्ब्रेन (पाणी गाळणारी गुंडाळलेली शीट) वर्षसुद्धा टिकत नाही, दर वेळी बाराशे-पंधराशे जातात आणि मेकॅनिक येऊन एकच वाक्य बोलतो, तुमच्याकडं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जास्त आहे. टीडीएस मोजला तर ९८०. हा फार नाही हो, यापेक्षा खारट पाण्यावर लोकांचे मेम्ब्रेन नीट चालतात.

म्हणून नोव्हेंबरात काढून ठेवलेला जुना मेम्ब्रेन आज उघडला. बाहेरची टेप कापली की आतली गुंडाळी सुटते. ज्या टोकातून पाणी आत शिरतं तिकडं तपकिरी चिकट घाण, थोडीशीच. पण उलट्या टोकाला, जिथून रिजेक्ट (उरलेलं टाकाऊ पाणी) बाहेर पडतं तिथं शीट पापडासारखी कडक झालेली आणि नखानं खरवडलं की पांढरी रेती पडते. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर फसफसलं. म्हणजे चुना, कॅल्शियम कार्बोनेट. शेवटच्या टोकालाच का, तर तिथपर्यंत येईस्तो शुद्ध पाणी निघून गेलेलं असतं आणि उरलेलं सगळ्यात घट्ट झालेलं असतं. तुमचा मेम्ब्रेन बदलताना जुना टाकून देऊ नका, उघडून बघा. पुढच्या टोकाला घाण असेल तर प्री-फिल्टरचा दोष, मागच्या टोकाला पांढरं असेल तर जडपणाचा, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा.

१० जानेवारी

आरओचं पाणी मोजायला स्वयंपाकघरातला मोजायचा कप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, एवढ्यावर काम होतं. मशीन दहा मिनिटं चालू द्यायची, मग एक मिनिट शुद्ध पाणी मोजायचं आणि एक मिनिट रिजेक्ट. आमचं आलं शुद्ध १४० मिली, रिजेक्ट १६०. मेम्ब्रेन ८० जीपीडीचा (दिवसाला ८० गॅलन), एफआरवर ४५० लिहिलेलं, म्हणजे रिजेक्ट साडेचारशेच्या आसपास पाहिजे होतं.

ज्यांना एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर) माहीत नाही त्यांच्यासाठी: रिजेक्टच्या नळीत बोटाएवढा पांढरा तुकडा असतो, त्याच्या आत बारीक केशनळी, तीच मेम्ब्रेनवर दाब धरून ठेवते. मेकॅनिक लोक मेम्ब्रेन बदलतात, पंप बदलतात, ह्याला मात्र हात लावत नाहीत. तो चोंदला की रिजेक्ट कमी होतं, शुद्ध पाणी सुरुवातीला उलट थोडं जास्त येतं, घरचे खूश, पाणी वाया कमी जातंय म्हणून. आणि आत मेम्ब्रेनवर काय चाललंय, तर निम्मं पाणी निघून गेल्यावर ६२०चा जडपणा जवळपास १२०० होऊन शेवटच्या टोकावर बसतोय. (६२० हा आकडा खालच्या रिपोर्टचा आहे, नोंद नंतर पूर्ण केली.)

आमच्याकडं अजून एक भानगड निघाली. आईनं बादली भरायला सोपं जावं म्हणून रिजेक्टच्या नळीला छोटा कॉक बसवून घेतला होता आणि तो कायम अर्धा बंद. तिचं म्हणणं, एवढं पाणी मोरीत जाताना बघवत नाही. मराठवाड्यात कुणाला बघवेल! कॉक पूर्ण उघडल्यावर रिजेक्ट २१० झालं. म्हणजे बाकीचा दोष एफआरचाच. नवा एफआर शंभर रुपयांच्या आत आला. बसवल्यावर शुद्ध १५०, रिजेक्ट ४४०. हे शंभर रुपये आधी खर्चले असते तर मागचे एकदोन मेम्ब्रेन वाचले असते असं आता वाटतं.

१९ जानेवारी

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना दिला होता, रिपोर्ट आला (आकडे लिटरमागं मिलिग्रॅममध्ये). एकूण जडपणा ६२०, आल्कलिनिटी ३८०, क्लोराइड १८०, लोह नगण्य. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) मध्ये जडपणाची चांगली मर्यादा २०० आणि दुसरा पर्यायच नसेल तर ६००. आपण त्याच्याही वर. टीडीएसची तीच मर्यादा ५०० आणि २०००, म्हणजे टीडीएसमध्ये आपण आरामात बसतो, मार बसतोय तो जडपणाचा. बेसाल्टच्या भेगांतून मुरून आलेलं पाणी आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच येणार.

घरी मोजायला थेंबांचं किट घेतलं. पाणी आधी वाइन रंगाचं होतं, मग थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. हे किट नसेल तर पुढचं काहीच करू नका, कारण टीडीएस मीटरला जडपणा दिसत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम घेतो आणि त्याजागी सोडियम देतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. शेजारच्यांनी मागच्या वर्षी सॉफ्टनर बसवला आणि मीटर लावून बघितला, आकडा तोच, म्हणून बिचाऱ्यांनी तो बंद करून ठेवलाय.

२३ जानेवारी

पर्याय बघितले. पाइपला बाहेरून लावायचं चुंबक आणि वायर गुंडाळलेली इलेक्ट्रॉनिक डबी: पाण्यातनं कॅल्शियम बाहेर निघत नाही, किटवर जडपणा होता तेवढाच, त्यामुळं मी पैसे घालणार नाही. आरओच्या आधी लावायची अँटीस्केलंट (चुना बसू न देणाऱ्या) गोळ्यांची कॅण्डल: कमी जडपणाला ठीक आहे, पण पाणी उभं राहिलं की गोळ्या जास्त विरघळतात, वाहतं असलं की कमी, आणि उन्हाळ्यात कधी संपल्या ते कळत नाही. शिवाय गिझरची कॉइल, वॉशिंग मशीन, शॉवरच्या जाळ्या यांचं काय. म्हणून रेझिनचाच (कॅल्शियम धरणाऱ्या बारीक मण्यांचा) सॉफ्टनर.

हिशोब असा केला. घरात पाच माणसं, फ्लश आणि झाडं सोडून रोजचं ५०० लिटर. ५०० गुणिले ६२० मिलिग्रॅम म्हणजे रोज ३१० ग्रॅम चुना. एक लिटर रेझिन घरगुती मीठ वापरून ४५-५० ग्रॅम धरतं. २५ लिटरची गोणी घेतली तर साधारण ११००-१२५० ग्रॅम, म्हणजे चार दिवसांनी मीठ मारायचं (मिठाच्या पाण्यानं रेझिन धुऊन परत ताजं करायचं). एका वेळी चार किलो मीठ. महिन्याला तीस किलो! हा आकडा विक्रेता सांगत नाही, तो म्हणतो महिन्यातून एकदा थोडं मीठ टाका. ज्याच्याकडं जडपणा ३०० आहे आणि घरात दोनच माणसं आहेत त्याला जमेल तसं. आपल्याला नाही.

४ फेब्रुवारी

१० बाय ५४ इंची एफआरपी (फायबरची) टाकी, हातानं फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, २५ लिटर रेझिन, तळाला गारगोटी. सामान साडेचौदा हजार, प्लंबर आणि सीपीव्हीसीचं फिटिंग वेगळं अडीच हजार.

रेझिन भरताना मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला टेप लावून ठेवा. एक मूठ मणी पाइपात गेले तरी ते खालच्या गाळणीला बाहेरून न बसता आतून बसतात आणि मग पूर्ण टाकी उपसायची वेळ येते. आमच्या मिस्त्रीला हे माहीत होतं, त्याचे आभार.

पण त्यानं टाकी बसवली गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालच्या लाइनला. सगळे असंच बसवतात. नळाला पाणी आलं, मऊ आलं, किटवर दोनच थेंबांत निळं, सगळे खूश.

८ फेब्रुवारी

पहिलं रिजनरेशन (मीठ मारणं), आणि मीठ ओढतच नाही. बादलीतली नळी पाण्यात, व्हॉल्व्ह मिठाच्या खुणेवर, पातळी तिथंच. उलट थोडं पाणी बादलीतच आलं. इंजेक्टर (व्हॉल्व्हमधला मिठाचं पाणी ओढणारा भाग) खोलून साफ केला, टेफ्लॉन नवीन मारला, नळी बदलली, संध्याकाळ गेली.

कारण साधं आहे. इंजेक्टरला मीठ ओढायला दीड-दोन बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी आमच्या सॉफ्टनरच्या पाच मीटर वर, म्हणजे अर्धा बार. कितीही साफ करा, ओढणार नाही. 

११ फेब्रुवारी

सॉफ्टनर काढून खाली हौदाजवळ नेला. हौदातून गच्चीवर पाणी चढवायचा अर्धा एचपीचा पंप आहे, त्याच्या लाइनवर बसवला, म्हणजे पाणी वर चढतानाच मऊ होऊन चढतं. गच्चीवर आधीपासून दोन टाक्या होत्या त्याचा फायदा झाला, एक मऊ पाण्याची (बाथरूम, मशीन, गिझर, आरओ) आणि एक साध्या बोअरच्या पाण्याची (फ्लश, अंगण, झाडं). प्लंबरचे आणखी अठराशे. मीठ आता सरसर ओढतं.

मऊ पाणी झाडांना घालू नका. ६२० जडपणा काढला की लिटरमागं जवळपास २८५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, माती चिकट होते. कढीपत्ता आणि मोगरा साध्या टाकीवरच. आणि ह्याच कारणानं हे पाणी तसंच प्यायचं नाही, बाबांना बीपी आहे, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं फक्त आरओचं.

१३ फेब्रुवारी

नवीन त्रास. वरच्या टाकीतल्या पाण्याचा जडपणा ९०. रिजनरेशन नीट झालेलं, रेझिन नवं, मग गळती कुठून? आधी वाटलं बायपासचा (सॉफ्टनर वगळून पाणी नेणारा) व्हॉल्व्ह पाझरतोय, तो बंद करून युनियन (पाइपचा जोड) सोडून बघितली, कोरडी होती.

बादली लावून पंपाचा वेग मोजला, तासाला १८०० लिटर. २५ लिटर रेझिनला हे फार झालं, पाणी मण्यांना भेटायच्या आत निघून जातं. आणि बॅकवॉशला (रेझिन उलट्या प्रवाहानं धुताना) तर भलतंच झालं, नालीच्या तोंडाशी मधाच्या रंगाचे बारीक मणी दिसले, मूठभर तरी. दहा इंची टाकीत बॅकवॉश तासाला ५००-६०० लिटरनंच द्यायला पाहिजे, जास्त दिला की मणी उडून वरून बाहेर.

पंपाचं तोंड नुसतं आवळलं तर पंप गरम होतो, म्हणून टी (तीन तोंडांचा जोड) टाकून जास्तीचं पाणी परत हौदात सोडायची लाइन केली. आता सर्व्हिसला (रोजचं पाणी मऊ करताना) ९००, बॅकवॉशला व्हॉल्व्हवर मार्करनं खूण करून ठेवलीय तिथपर्यंतच उघडायचा. जडपणा १५च्या खाली आला. नालीतले मणी चहाच्या गाळणीत धरून, धुऊन परत टाकले.

१८ फेब्रुवारी

मिठाबद्दल. दुकानात गोणीनं मिळणारं खडे मीठ दहा-बारा रुपये किलो, स्वस्त, पण तळाला माती आणि काड्या. तसंच ओढलं तर इंजेक्टरचं भोक चोंदतं. रात्री चार किलो मीठ पंधरा लिटर पाण्यात भिजवायचं, सकाळी वरचं पाणी जुन्या सुती ओढणीतून गाळून घ्यायचं, खाली गाळ उरतो तो फेकायचा. इंजेक्टर त्यात पाणी मिसळून आत साधारण दहा टक्क्यांचं करतो. हळूच, २५-३० मिनिटं. घाई केली की मीठ वाया जातं.

मीठ निघालं की नाही ते टीडीएस मीटरवर कळतं, इथं मात्र तो कामाचा. धुताना आधी आकडा मीटरच्या बाहेर जातो, मग उतरत उतरत हजाराच्या आसपास आला की बंद.

ह्या धुण्यात एका वेळी अडीचशे लिटरच्या आसपास पाणी जातं. शेवटचं धुणं खारट नसतं, ते फ्लशच्या ड्रममध्ये घेतो. मधलं मिठाचं पाणी नालीत सोडतो; बागेत किंवा शोषखड्ड्यात नाही, आमची बोअर तिथून वीस फुटांवर आहे, स्वतःच्याच पाण्यात मीठ कालवायचं का.

२५ फेब्रुवारी

घरच्यांची एकच तक्रार, अंगावरचा साबण निघतच नाही, बुळबुळीत राहतं. साबण निघालेला असतो, बुळबुळीतपणा पाण्याचा. तरी वाद घालण्यात अर्थ नाही, बायपासचा व्हॉल्व्ह किंचित उघडून जडपणा ८० वर आणून ठेवला. तक्रार थांबली आणि मीठही थोडं वाचतं. गिझर आणि मेम्ब्रेन दोघांनाही ८० चालतो. साबण-पावडर जवळपास निम्मी लागते आता.

३ मार्च

चालू मेम्ब्रेन नोव्हेंबरातला, तीन महिने जड पाणी आणि त्यात सुरुवातीला चोंदलेला एफआर सोसलेला. बदलण्याआधी धुऊन बघितला. लिंबूसत, लिटरला वीस ग्रॅम, आरओच्याच पाच लिटर पाण्यात. कार्बन आणि सेडिमेंटच्या कॅण्डल काढून बाजूला, रिकाम्या लाइनमधून पंपानं हे पाणी ओढायचं, शुद्धची आणि रिजेक्टची दोन्ही नळ्या परत त्याच बादलीत. अर्धा तास फिरवलं, तासभर तसंच भिजू दिलं, परत अर्धा तास. रिजेक्टच्या नळीतून आधी बुडबुडे आणि नंतर गढूळ पांढरं पाणी आलं. मग साध्या मऊ पाण्यानं भरपूर धुऊन पहिली टाकीभर शुद्ध पाणी टाकून दिलं.

आधी शुद्ध १५०, टीडीएस ७४. नंतर १६५, टीडीएस ५२. लिंबूसतानं चुना जातो, सिलिका जात नाही. त्यामुळं पूर्ण बसलेला मेम्ब्रेन ह्यानं उठत नाही, बिघडायला लागलेला असतानाच करायचं. टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड किंवा ब्लीचिंगचं पाणी आत घालायचं नाही. कोमट पाणी चालेल, गरम नाही.

अजून दोन गोष्टी केल्या. एफआरला वळसा घालून एक छोटा कॉक, रोज रात्री मिनिटभर उघडायचा म्हणजे मेम्ब्रेनमधलं घट्ट पाणी बाहेर पडतं आणि रात्रभर ताजं पाणी उभं राहतं. आणि मशीनमधला टीडीएस अ‍ॅडजस्टर पूर्ण बंद. तो शुद्ध पाण्यात न गाळलेलं पाणी मिसळतो, आणि आता न गाळलेलं म्हणजे सोडियमवालं.

१७ मार्च

मऊ पाण्यावर शुद्धचा टीडीएस ५२ वरून ५८ झाला. घाबरू नका. मेम्ब्रेन कॅल्शियम जेवढं अडवतो तेवढं सोडियम अडवत नाही, म्हणून थोडा वाढणारच.

२१ एप्रिल

शुद्ध पाणी मिनिटाला १८५! मेम्ब्रेन तरुण झालेला नाही, पाणी तापलंय. एका अंशाला साधारण तीन टक्के फरक पडतो. हेच उलटं डिसेंबरात होतं, पाणी कमी येतं आणि मेकॅनिक मेम्ब्रेन गेला म्हणून बदलून जातो. मोजताना पाण्याचं तापमान वहीत लिहाच, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. टीडीएसही उन्हाळ्यात वाढतो, आता ६६ आहे. शिवाय मशीन चालू केल्याकेल्या मोजला तर भलताच येतो, दहा मिनिटं थांबून मोजायचा.

१२ मे

बोअर आटली, टँकर सुरू. टँकरच्या पाण्याचा जडपणा २८०, म्हणजे मीठ आठ दिवसांनी मारलं तरी पुरतं. पण ह्या पाण्यात ब्लीचिंगची पावडर असते आणि क्लोरीन मेम्ब्रेनचा खरा शत्रू, चुना निदान धुता तरी येतो, क्लोरीननं खाल्लेली शीट परत येत नाही. गावाकडं ग्रामपंचायतीचे लोक नळाच्या पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग बघतात ती ओटी टेस्ट, तेच द्रावण आणलं. हौदात गडद पिवळं. कार्बनच्या कॅण्डलनंतर फिकट पिवळं, जे अजिबात यायला नको होतं. कार्बन संपलेला. लगेच बदलला, दोनशे साठ रुपये, आता रंग येत नाही. टँकर आल्यावर हौदाचं झाकण दिवसभर उघडं, वर जाळी, मगच वर चढवतो. रेझिनलाही क्लोरीन चांगला नाही.

गाळही खूप, स्पन फिल्टर (गाळ अडवणारी कॅण्डल) आठवड्यात चॉकलेटी होतो. तो धुऊन वापरू नका, वरचा रंग जातो, आतली माती राहते. सत्तर रुपयांचा आहे, बदला.

९ जून

आता पाणी मऊ आहे तर एफआर ४५० ऐवजी ३०० चा लावला. हे जड पाण्यावर करायचं नाही, तिथं ह्यानंच मेम्ब्रेन मेला होता. मोजलं तर शुद्ध १७०, रिजेक्ट २९०. दिवसाला वीस लिटर पिण्याचं धरलं तर रिजेक्ट साठ लिटर जायचं ते आता चौतीसवर आलं. अजून खाली न्यायचा मोह होतो पण बेसाल्टच्या पाण्यात सिलिका असते आणि ती सॉफ्टनर काढत नाही, त्यामुळं इथंच थांबलो.

आईनं विचारलं, म्हणजे पाणी वाचलं ना? खरा हिशोब सांगितला. आरओचे सव्वीस लिटर वाचले, आणि बोअरवर असताना सॉफ्टनर धुण्यात दिवसाला साठ लिटर जातात. ती म्हणाली, मग कशाला केलं एवढं. दर धुण्यातलं जवळपास शंभर लिटर फ्लशला येतं, ते वजा केलं तरी पाणी वाचवायला सॉफ्टनर घेऊ नका, तो त्यासाठी नाहीच.

१५ डिसेंबर

मेम्ब्रेन तेरा महिन्यांचा झाला. शुद्ध १४२, पाणी बावीस अंशांवर, टीडीएस ५५, रिजेक्ट २८०. मार्चनंतर परत लिंबूसत लागलं नाही. पाऊस बरा झाला म्हणून बोअर चालू आहे, जडपणा ५९०. गिझरची कॉइल काढून बघितली, जुना थर आहे तेवढाच, नवा नाही.

खर्च: बसवायला सगळं धरून एकोणीस हजारांच्या आसपास, मीठ महिन्याला तीनशे-साडेतीनशे, टँकरच्या दिवसांत निम्मं. फक्त मेम्ब्रेनच्या पैशांत हे कधीच वसूल होणार नाही. गिझर, मशीन, साबण धरले तर काही वर्षांत होईल. ज्यांना नुसता आरओ वाचवायचा आहे त्यांनी एफआर बदला, रिजेक्ट मोजा, कार्बन वेळेवर बदला, सॉफ्टनरच्या भानगडीत पडू नका.

आपोआप मीठ मारणाऱ्या व्हॉल्व्हची किंमत विचारली, पूर्ण सॉफ्टनरएवढी सांगितली, सध्या नको. आरओचा बूस्टर पंप मात्र आठवड्यापासून घरघर करतोय, दाब मोजायला गेज मागवलाय.